पाण्यात म्हैस, बाहेर मोल



गेल्या महिन्यात आमच्याकडे एका ताईंचे पत्र आले. वहीचे पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेले. ताई लिहितात, "माझा धाकटा भाऊ लष्करात आहे आणि मुलगी कॉलेजात शिकते. भावाच्या हातात चांगले हत्यार असावे असे मला मनापासून वाटते. पण मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स असे सगळे तीन वेळा दिले, तरी पैसे वर्ष उलटल्यावर आले. तिकडे बातम्यांत सांगतात की अमुक जहाज ठरल्यापेक्षा दुप्पट किमतीला पडले. ठरलेली किंमत दुप्पट होतेच कशी? आणि त्यांना दाखला कोणी मागत नाही का?"

ताईंनी मोठमोठ्या विद्वानांना न सुचणारा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आम्हांला जमेल तसे सरळ शब्दांत देत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लष्करावरील खर्चाबद्दल विचारले की काही लोक लगेच देशप्रेमाची शंका घेतात. आमच्या समाजाला हा धडा कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. १९४१ साली महार पलटण पुन्हा उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आजही आमच्या वस्त्यांतून किती तरी मुले सीमेवर उभी आहेत. तेव्हा जवानाला हत्यार द्यावे की नाही, हा आमचा प्रश्नच नाही. हत्याराच्या नावाने जो पैसा जातो, त्याचा हिशोब नीट होतो का, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न बाबासाहेबांनीच विचारून ठेवला आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जे निवेदन केले, त्यात हिंदू कोड बिलाचा विषय होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी देशाच्या तिजोरीकडेही बोट दाखवले होते. सरकारचे वर्षाचे उत्पन्न सुमारे ३५० कोटी रुपये आणि त्यातले सुमारे १८० कोटी एकट्या सैन्यावर जातात, हा भार गरीब देशाला कसा पेलवणार, असा त्यांचा रोख होता. सुभेदाराच्या मुलाने हे विचारले. म्हणून आम्हीही निःशंक मनाने विचारू शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या जुन्या माणसांनी एक म्हण करून ठेवली आहे, "पाण्यात म्हैस, बाहेर मोल." म्हैस डोहात बसलेली, फक्त शिंगे आणि पाठ दिसते. ती लंगडी आहे की धडधाकट, दुभती आहे की भाकड, काही कळत नाही. आणि काठावर उभे राहून सौदा ठरतो! आपल्या देशाने एक भलीमोठी म्हैस अगदी अशाच रीतीने घेतली. तिचे नाव आय.एन.एस. विक्रमादित्य.

ही विमानवाहू नौका मूळची सोव्हिएत रशियाची. युक्रेनमधील मिकोलाईव्ह येथे ती बांधली गेली आणि १९८७ साली 'बाकू' या नावाने आरमारात आली. पुढे तिचे नाव 'अ‍ॅडमिरल गोर्श्कोव्ह' झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, पैसा संपला, १९९४ मध्ये जहाजाच्या बॉयलरच्या भागात स्फोट झाला आणि १९९६ मध्ये रशियाने ते सेवेतून काढले. त्यानंतर ते तसेच पडून होते.

इकडे आपली गरज मोठी होती. जुनी 'विक्रांत' जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. उरली एकटी 'विराट', आणि तीही इंग्रजांच्या आरमारात १९५९ पासून राबलेली. अशा वेळी रशियाने सांगितले, जहाज फुकट घ्या, फक्त दुरुस्तीचे आणि विमानांचे पैसे द्या. जानेवारी २००४ मध्ये करार झाला. दुरुस्ती आणि फेरबदलाचे सुमारे ९७ कोटी डॉलर, विमानांचे वेगळे. जहाज २००८ साली मिळायचे होते.

पुढे काय झाले? २००७ मध्ये रशियाने कळवले, काम फार निघाले, आणखी १०० कोटी डॉलरहून अधिक लागतील. घासाघीस सुरू झाली. २०१० मध्ये नवा करार झाला तेव्हा दुरुस्तीचा आकडा सुमारे २३५ कोटी डॉलरवर गेला होता. म्हणजे जवळजवळ अडीच पट! नुसती वाढच त्या वेळच्या दराने सहा हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावर चाचणी घेतली, तर आठपैकी सात बॉयलर बिघडले. शेवटी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, पाच वर्षे उशिरा, जहाज आपल्या नौदलात आले. आज ते सेवेत आहे, कामही करते. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे.

ही किंमत का वाढली, ते नीट पाहिले तर जगभर शस्त्रांच्या किमती का वाढतात तेही कळते. कारणे तीच असतात, फक्त देशांची नावे बदलतात.

पहिले कारण म्हणजे पाहणीआधीच बांधलेला अंदाज. आमच्यापैकी ज्यांनी चाळीतली खोली दुरुस्त केली आहे, त्यांना हे सांगायला नको. गवंडी येतो, भिंतीवर हात मारतो आणि म्हणतो, चाळीस हजारांत होईल. मग प्लॅस्टर उकरले की आतल्या विटा भुसभुशीत निघतात, कडीपाट वाळवीने खाल्लेला असतो, वायरिंग जळालेले असते. गोर्श्कोव्हचे तेच झाले. जहाजाची पोटे उघडल्यावर कळले की केबल मोजल्यापेक्षा कितीतरी जास्त बदलाव्या लागणार, पोलादी पत्रे बदलावे लागणार. पूर्ण पाहणी आधी झाली असती तर हा आकडा २००४ सालीच कळला असता.

पण खरा आकडा आधी कळावा अशी इच्छा तरी कोणाला असते? हे दुसरे कारण. विकणाऱ्याला सौदा पटवायचा असतो, म्हणून तो कमी सांगतो. घेणाऱ्या खात्याला मंजुरी मिळवायची असते, म्हणून तेही कमी आकड्यावर खूष असते. खरा आकडा सांगितला तर फाईल अडकेल, ही भीती दोघांनाही. मुलीचे लग्न ठरवताना "आम्हांला काही नको, फक्त नारळ आणि मुलगी" म्हणणारी वरपक्षाची माणसे आपण पाहिली आहेत. साखरपुडा झाला की मग मागण्यांची यादी येते. आधी मंजुरी, मग खरा आकडा, ही शस्त्रबाजाराची जुनी रीत आहे.

तिसरे कारण, मागे फिरता येत नाही. २००७ साली जास्तीचे पैसे मागितले तेव्हा आपला बराच पैसा जाऊन बसला होता. जहाज रशियाच्या गोदीत अर्धवट उघडे पडले होते. 'विराट' थकत चालली होती. दुसरा विक्रेता नव्हता. विमानवाहू नौका काही दादरच्या बाजारात दुकानोदुकानी मिळत नाही. जिथे दुकान एकच आणि गिऱ्हाईक अडलेले, तिथे भाव दुकानदार ठरवतो. सावकाराच्या दारात उभ्या राहिलेल्या आमच्या वाडवडिलांना हे गणित चांगले ठाऊक होते.

चौथे कारण, हात बदलले. जहाज बांधले युक्रेनमध्ये. देश फुटल्यावर ती गोदी दुसऱ्या देशात गेली. दुरुस्तीचे काम मिळाले उत्तर रशियातील सेवेरोद्विन्स्क येथील सेवमाश गोदीला, जिचा हातखंडा होता पाणबुड्या बांधण्याचा. विमानवाहू नौकेचे काम तिने आधी केलेले नव्हते. ज्या यंत्रावर हात बसलेला नाही त्या यंत्रावर पहिले वर्ष माल बिघडतोच, हे आमच्या गिरणीतल्या माणसांना विचारा.

पाचवे कारण, अर्ध्या वाटेतले बदल. हे जहाज मुळात सरळ वर उडणाऱ्या विमानांसाठी आणि हेलिकॉप्टरसाठी होते. आपल्याला त्यावरून मिग-२९ के विमाने उडवायची होती. त्यासाठी पुढच्या डेकवरची क्षेपणास्त्रे काढून तिथे उतरणीसारखा वर चढणारा मंच बांधावा लागला. म्हणजे दुरुस्ती नव्हे, अर्धे नवे जहाजच. त्यात बॉयलरची गोष्ट घ्या. भट्टीच्या आतल्या अस्तरासाठी अ‍ॅस्बेस्टॉस नको, असे भारताने सांगितले. ते फुप्फुसाला घातक आहे, तेव्हा ही मागणी योग्यच होती. त्याऐवजी विटांचे अस्तर दिले आणि ते टिकले नाही, असे रशियाकडून सांगण्यात आले. बदल योग्य असो वा अयोग्य, उशिरा केला की महाग पडतो. ब्लाउज बेतण्याआधी बाही बदला, काही खर्च नाही. शिवल्यावर बदला, तर कापडही जाते आणि शिलाईही.

सहावे कारण खुद्द वेळ. काम एक वर्ष लांबले की एक वर्षाचे पगार, एक वर्षाची महागाई, गोदीचे एक वर्षाचे भाडे चढते. उशिरामुळे खर्च वाढतो, वाढीव खर्चाच्या भांडणात आणखी उशीर होतो, आणि चाक फिरतच राहते.

कोणी म्हणेल, रशियाशी सौदा होता म्हणून असे झाले. मग आपल्याच घरचे पाहा. कोचीत बांधलेल्या नव्या 'विक्रांत'ला २००३ साली सुमारे ३,२६१ कोटी रुपयांची मंजुरी होती. २०१४ मध्ये ती १९,३४१ कोटींवर न्यावी लागली आणि जहाज नौदलात आले २ सप्टेंबर २०२२ रोजी. आपल्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या तीन विनाशिकांचा अंदाज ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेला.

इथे आम्हांला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात गोदी आणि दारूगोळा कारखान्यांतले कामगार आहेत. असा आकडा आला की पांढरपेशे लोक पटकन म्हणतात, "सरकारी कामगार काम करत नाहीत, दुसरे काय!" पण ही जहाजे का रखडली ते पाहा. रशियाकडून यायचे युद्धनौकेचे पोलाद वेळेवर मिळेना. 'विक्रांत'साठी तर तसे पोलाद शेवटी देशातच तयार करावे लागले. गिअरबॉक्स उशिरा आले. जहाजावर कोणती शस्त्रे बसवायची याचे निर्णय लांबले, म्हणून आराखडे बदलत राहिले. वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात पत्राच आला नाही, तर तो काय हवेला टाके घालणार? ज्याने घाम गाळला त्याच्या माथी दोष आणि ज्याने कमी आकडा लिहून सही केली त्याचे नावही नाही, हा न्याय आम्हांला नवा नाही. म्हणूनच तो आम्ही मान्य करत नाही.

आणि अमेरिका? तिथे पैसा आहे, कारखाने आहेत, विद्वान आहेत. तरी तिथेही तेच. 'बी-२' नावाची बॉम्बफेकी विमाने १३२ बांधायची ठरली होती. खर्च वाढला, शीतयुद्ध संपले आणि बांधली गेली फक्त २१. संशोधनाचा सगळा खर्च या एकवीस विमानांच्या डोक्यावर बसला आणि एकेक विमान २०० कोटी डॉलरच्या वर गेले. लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा. ठसा तयार करण्याचा खर्च पन्नास पत्रिकांनाही तेवढाच आणि पाचशेंनाही तेवढाच. खर्च वाढला म्हणून नग कमी केले की प्रत्येक नग आणखी महाग होतो, हे सातवे कारण.

अमेरिकेत १९८२ सालापासून एक कायदा आहे. शस्त्राच्या नगाची किंमत ठरलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे २५ टक्क्यांहून अधिक वाढली, तर संरक्षण खात्याने तिथल्या संसदेपुढे लेखी कारण द्यायचे, नाहीतर योजना बंद. कायदा चांगला. पण २०२४ साली 'सेंटिनल' या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या योजनेचा खर्च ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४,१०० कोटी डॉलरवर गेला, तेव्हा खात्याने दाखला दिला की देशाच्या सुरक्षेसाठी दुसरा पर्याय नाही, आणि योजना चालू राहिली. "दुसरा पर्याय नाही" हे वाक्य जगातल्या प्रत्येक महाग शस्त्राच्या फाईलवर शेवटी येऊन बसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विक्रमादित्याच्या किमतीवर टीका होत होती तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुरीश मेहता यांनी उलट विचारले होते की २०० कोटी डॉलरपेक्षा कमी किमतीत कोणी विमानवाहू नौका देत असेल तर सांगा, आत्ता चेक लिहितो. यात तथ्य आहे. नव्या शस्त्रात जे आधी कोणी केलेले नाही ते करायचे असते, आणि त्याचा अचूक अंदाज बांधणे खरोखरच अवघड. त्यामुळे प्रत्येक वाढलेला रुपया कोणी खाल्ला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्ही तसे म्हणत नाही. पण अवघड आहे हे आधीच ठाऊक असेल, तर पहिला आकडा इतका सोपा का लिहिला जातो? आमचे म्हणणे एवढेच.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. त्यांना दाखला कोणी मागत नाही का?

मागणारा आहे. त्याची जागा राज्यघटनेत बाबासाहेबांच्या देखरेखीखाली पक्की झाली. त्याचे नाव नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्याला आपण 'कॅग' म्हणतो. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. त्याचे काम न्यायसंस्थेहूनही मोलाचे मानले होते. का? संसदेने दिलेला पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामावर गेला की नाही, हे जनतेच्या वतीने पाहणारा डोळा तोच. याच कॅगने २००९ साली विक्रमादित्याच्या सौद्यावर ताशेरे ओढले. नव्या जहाजाला पडली असती त्याहून जास्त किंमत देऊन आपण मर्यादित आयुष्याचे जुने जहाज घेत आहोत, तेही उशिरा, असा त्याचा अर्थ होता.

पण कॅगची तपासणी बहुतेक वेळा पैसा गेल्यावर होते. वरात निघून गेल्यावर जेवणाचा हिशोब. तिचा अहवाल संसदेत जातो, तिथून लोकलेखा समितीकडे. १९६७ पासूनच्या प्रथेप्रमाणे या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. एवढी चांगली व्यवस्था आहे. तिच्यात जीव ओतायचा तो मतदारांनी. आणि आम्ही मतदार तो अहवाल कधी वाचतो का? खासदार वस्तीत येतो तेव्हा आपण त्याला गटार आणि नळाविषयी विचारतो. ते विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला हेही विचारावे, "साहेब, कॅगच्या अहवालावर तुम्ही सभागृहात काय बोललात?"

ताई, तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती त्या जहाजाने नेली, असे आम्ही म्हणणार नाही. दोन्हींचे खाते वेगळे, तिजोरीचे कप्पे वेगळे. खोटा हिशोब मांडून खऱ्या हिशोबाची मागणी करता येत नाही. पण तुमच्या पत्रात एक सत्य दडले आहे. काही हजार रुपयांसाठी गरीबाच्या मुलीला दहा कागद आणायला लावतात, आणि शेकडो कोटींच्या सौद्यात पूर्ण पाहणीचा एक कागद नसला तरी सही होते. लहान रकमेला दहा दाखले आणि मोठ्या रकमेला एक अंदाज! कडकपणा हवाच, पण तो वरून सुरू झाला पाहिजे. जहाज उघडून पाहिल्याशिवाय सही नाही, काम झाल्याशिवाय हप्ता नाही, आणि सही करणाऱ्याचे नाव फाईलवर ठळक. एवढे झाले तरी जवानाला हत्यार वेळेवर मिळेल. कारण खर्च वाढतो तेव्हा हत्यारही उशिरा येते, आणि त्या उशिराचे मोल सीमेवरचा तुमचा भाऊ मोजतो.

तथागतांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला संसाराचा उपदेश केला, त्यात समजीविता सांगितली आहे. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की पारडे इतक्याने वर गेले, इतक्याने खाली आले, तसे गृहस्थाने आपली मिळकत आणि खर्च जाणून जगावे. आमच्या मायबहिणी महिन्याच्या पगारात हा तराजू रोज धरतात. वाण्याची उधारी, गॅस, फी, औषध, सगळे त्या एका पारड्यात तोलतात. ज्या बाईला आपल्या घराचा तराजू धरता येतो, तिला देशाचा हिशोब कळत नाही असे कोणी म्हणू नये.

जाता जाता एक आठवण. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती जुनी 'विक्रांत' पुढे काही वर्षे मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्यापैकी कित्येकांनी मुलांना खांद्यावर बसवून ती पाहिली असेल. शेवटी ती भंगारात विकली गेली, सुमारे ६० कोटी रुपयांना, आणि २०१४ पासून आपल्या दारूखान्यात ती तोडण्यात आली. प्रत्येक जहाजाच्या नशिबी एक दिवस दारूखाना असतोच. हिशोब मात्र भंगारात निघता कामा नये.

ताई, पुढच्या रविवारी वंदनेनंतर हा लेख विहारात वाचून दाखवा. मुलीलाच वाचायला सांगा. आणि सर्वांनी मिळून आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!